काळ्या मातीचे सक्शन फिल्टर पेपरने कसे मोजावे

सोलापुरात बांधकामासाठी माती तपासून घेतली की अहवालात लिक्विड लिमिट येते, प्लॅस्टिक लिमिट येते, फ्री स्वेल इंडेक्स येतो आणि काम जरा मोठे असेल तर स्वेलिंग प्रेशरही येते. सक्शन, म्हणजे मातीची पाणी ओढून धरून ठेवण्याची ताकद, सहसा येत नाही. खरे तर काळ्या मातीच्या बाबतीत अर्धी गोष्ट त्याच आकड्यात असते. माती किती फुगू शकते हे तिच्या जातीवर ठरते. आज ती कुठल्या टोकाला उभी आहे आणि पाणी मिळाले की किती जोरात ओढून घेईल, हे सक्शन सांगते. एकाच प्लॉटमधले एप्रिलचे ढेकूळ आणि सप्टेंबरचे ढेकूळ घ्या. लिक्विड लिमिट तेच, जातही तीच, पण एकावर बांधलेली फरशी पहिल्याच पावसाळ्यात उचलते आणि दुसऱ्यावरची बऱ्यापैकी शांत राहते.

हे मोजायला परदेशी यंत्रच लागते असा समज आहे. तो खरा नाही. चार दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणारा काटा, ओव्हन, काचेचे जार, थर्माकोलचा डबा आणि एका विशिष्ट जातीचा फिल्टर पेपर एवढ्यावर काम होते. हात मात्र शिस्तीचा हवा. सिव्हिलचे विद्यार्थी, माती-तपासणी लॅबमधली मंडळी आणि कोरडवाहू शेतीचा अभ्यास करणारे या सगळ्यांना डोळ्यासमोर ठेवून पुढची कृती लिहिली आहे.

आधी, मोजायचे काय

पूर्ण न भिजलेल्या मातीत कणांच्या फटीत थोडे पाणी असते आणि थोडी हवा. त्या पाण्यावर वातावरणापेक्षा कमी दाब असतो, म्हणजे माती पाण्याला धरून ठेवते आणि आणखी हवे म्हणून ओढते. ही ओढ दोन कारणांनी येते. बारीक फटींतले केशाकर्षण आणि चिकणमातीच्या कणांचे आकर्षण मिळून होते ते मॅट्रिक सक्शन. पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे येते ते ऑस्मॉटिक सक्शन. दोन्हींची बेरीज म्हणजे टोटल सक्शन.

एकक किलोपास्कल. शेतीतले लोक ३३ किलोपास्कलला शेताची जलधारणक्षमता आणि १५०० किलोपास्कलला पीक कायमचे सुकण्याची हद्द मानतात. माळदांडी ज्वारी पावसाळ्यानंतर नुसत्या ओलीवर येते, ती याच दोन आकड्यांच्या मधल्या पाण्यावर. १५०० किलोपास्कलला भारी काळ्या मातीत वीस टक्क्यांच्या आसपास पाणी शिल्लक असते, कधी त्याहूनही जास्त. मुरमात तेवढे पाणी घातले तर चिखल होईल. म्हणून ‘ओलावा वीस टक्के’ या आकड्याला माती कुठली ते सांगितल्याशिवाय अर्थ नाही, सक्शनला आहे.

फिल्टर पेपरच का

साधा टेन्सिओमीटर, म्हणजे पाण्याने भरलेल्या नळीने सक्शन मोजणारे साधन, ८०-९० किलोपास्कलच्या पुढे जात नाही, त्याच्या नळीतल्या पाण्यात बुडबुडे धरतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे, इथला हवेचा दाबच ९६ किलोपास्कलच्या आसपास असतो, त्यामुळे मर्यादा आणखी थोडी अलीकडे येते. आपली काळी माती उन्हाळ्यात हजारांत खेळते. प्रेशर प्लेट, म्हणजे हवेचा दाब देऊन मातीतले पाणी तबकडीतून बाहेर काढणारे यंत्र, १५०० किलोपास्कलपर्यंत जाते. शेतीच्या लॅबमध्ये ती चांगली चालते, पण काळ्या मातीचा नमुना आकसला की चिनी मातीच्या तबकडीपासून सुटतो आणि मग पाणी बाहेर यायचे थांबते. आकडा मिळतो, पण तो समतोलाचा नसतो. थंड आरशावर दव धरून मोजणारे यंत्र कोरड्या बाजूला उत्तम, पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते. मात्र शंभर-दोनशे किलोपास्कलच्या ओल्या मातीत त्याची चूक आकड्याएवढीच होऊन बसते, आणि किंमत जिल्ह्याच्या ठिकाणच्या लॅबला सहज झेपणारी नाही.

फिल्टर पेपर दोन्ही टोकांना बऱ्यापैकी पुरतो. तत्त्व टीपकागदाचे: मातीसोबत बंद करून ठेवलेला कागद मातीच्या ओढीशी बरोबरी होईपर्यंत पाणी घेतो. मग कागदात किती पाणी आले ते वजनाने काढायचे आणि त्या कागदाच्या ठरलेल्या वक्रावरून, म्हणजे कागदातला ओलावा आणि सक्शन यांच्या आलेखावरून, सक्शन वाचायचे. गार्डनर यांनी १९३७ मध्ये मातीसाठी ही युक्ती वापरली. आज जगभर एएसटीएम डी ५२९८ या अमेरिकी मानकाप्रमाणे ती केली जाते.

जुळवाजुळव

कागद व्हॉटमन ४२, राखविरहित, ५५ मिलिमीटर व्यासाचा. दुसऱ्या नंबरचा कागद स्वस्त मिळतो म्हणून आणू नका, कारण वक्र कागदानुसार बदलतो. काटा ०.०००१ ग्रॅमचा. यात तडजोड नाही, कारण एक कागद पाव ग्रॅमहूनही थोडा हलका भरतो आणि आपल्याला त्यातले पाणी हवे आहे. झाकणाच्या छोट्या ॲल्युमिनियमच्या डब्या, त्यांच्यावर आणि झाकणांवर एकच नंबर कोरलेला. स्टिकर लावू नका, ओव्हनमध्ये त्याचे वजन बदलते. रुंद तोंडाचे, घट्ट झाकणाचे काचेचे जार, चिमटा, रबरी हातमोजे, इलेक्ट्रिकची टेप, पीव्हीसीच्या पाइपाची सेंटीमीटरभर उंचीची कडी, आणि ॲल्युमिनियमचा एक जाड ठोकळा. ठोकळा कशाला ते पुढे येईल.

कागद वापरण्याआधी रात्रभर ओव्हनमध्ये सुकवून डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा. नेहमीचा वक्र कोरडा कागद पाणी घेत जाताना काढलेला आहे. आधीच दमट झालेला कागद पाणी सोडत समतोलाला आला तर त्याच सक्शनला त्यात जास्त पाणी राहते, आणि उत्तर खोटेच कमी येते.

माती आणणे

अबाधित नमुना हवा असेल तर भेगांच्या थराखालून घ्या. जुळे सोलापूर असो की होटगी रोड, उन्हाळ्यात वरच्या थरातल्या भेगांत हात जातो. तिथले ढेकूळ म्हणजे हवेने सुकवलेली माती, त्याचे सक्शन हवामान सांगेल, जमीन नाही. खोदकाम सकाळी लवकर करा. नमुना बाहेर आला की लगेच क्लिंग फिल्म, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर मेणाचा थर. दुपारच्या उन्हात ढेकूळ उघडे ठेवून फोटो काढत बसलात तर तेवढ्यात वरचा अर्धा सेंटीमीटर बदललेला असतो, आणि कागद नेमका त्याच पृष्ठभागाला लागणार असतो.

लॅबमध्ये माती दाबून नमुना करायचा असेल तर पाणी डिस्टिल्डच वापरा. बोअरच्या पाण्यातले क्षार ऑस्मॉटिक सक्शन वाढवतात, आणि मातीत मुळात किती क्षार होते ते नंतर सांगता येत नाही. पाणी मिसळल्यावर काळी माती पिशवीत बांधून निदान चार-पाच दिवस मुरू द्या. मुरमाला एक रात्र चालते. चिकणमातीच्या गोळीच्या पोटापर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो, बाहेरून ओली दिसली म्हणून ती आत ओली नसते.

जार बांधणे

नमुन्याचे दोन सपाट तुकडे करा. एकावर तीन कागद एकावर एक ठेवायचे. मधला कागद मोजायचा, वरचा-खालचा त्याला माती लागू नये म्हणून. मधल्याची कड कात्रीने दोन-तीन मिलिमीटर आत कापून घ्या, म्हणजे तो दोघांच्या पोटात झाकला जातो. वर दुसरा तुकडा ठेवून हलके दाबा आणि सांध्यावर टेप फिरवा. हा कागद मातीला थेट टेकलेला असल्याने पाणी द्रवरूपात येते, आणि त्यातून मॅट्रिक सक्शन मिळते. पृष्ठभाग खरोखर सपाट हवा. मध्ये पोकळी राहिली तर तेवढ्या भागात पाणी वाफेने येते आणि तुम्ही अर्धवट टोटल, अर्धवट मॅट्रिक असे काहीतरी मोजता.

आता हा जोड जारमध्ये ठेवा. वर पीव्हीसीची कडी, कडीवर दोन कोरडे कागद. यांना माती लागता कामा नये, जारची भिंतही नाही. इथे पाणी फक्त वाफेने येते, क्षार मागेच राहतात, म्हणून हे टोटल सक्शन. जार मातीने जितका भरलेला तितका बरा. मोठ्या जारमध्ये छोटा तुकडा ठेवला तर आतली हवा आणि कागद भिजवण्यातच मातीचे पाणी खर्च होते आणि मोजताना मातीच बदलते. झाकण लावा, टेप गुंडाळा, नंबर आणि तारीख लिहा.

ठेवण्याची जागा

किमान सात दिवस. ओल्या मातीवरच्या न टेकलेल्या कागदासाठी मी दोन आठवडे देतो, कारण वाफेने कागद भरायला वेळ लागतो.

पण दिवसांपेक्षा तापमान महत्त्वाचे, आणि सोलापुरात हाच खरा प्रश्न आहे. २५ अंशांना ९९ टक्के आर्द्रता म्हणजे जवळजवळ १३८० किलोपास्कल. म्हणजे पिकाचे सगळे जगणे-सुकणे ९९ ते १०० टक्क्यांच्या मधल्या एका टक्क्यात होते. आता कागद मातीपेक्षा एक अंशाने गरम झाला, तर त्याच्याजवळची सापेक्ष आर्द्रता जवळपास सहा टक्क्यांनी घसरते, म्हणजे सुमारे आठ हजार किलोपास्कलचा फरक. दहाव्या हिश्श्याच्या अंशालाही आठशे किलोपास्कल पडतात. उलट झाकण गार पडले तर आतून दव धरते, थेंब कागदावर पडतो आणि तो कागद गेला.

एप्रिलमध्ये दुपारी चाळिशी पार, पहाटे पंचविशीच्या आसपास आणि मध्येच वीज गेलेली, अशा खोलीत नुसते कपाट पुरत नाही. एसीची खोली असेल तरी एसी संध्याकाळी बंद होतो हे विसरू नका, दिवसा गार आणि रात्री गरम हे एकसारख्या गरमपेक्षा वाईट. जाड थर्माकोलचा डबा घ्या, मासळी किंवा औषधे येतात तसा. त्यात जार एकमेकांना टेकवून लावा, रिकाम्या जागेत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा, झाकण टेपने बंद करा. डबा तळमजल्यावर, आतल्या भिंतीजवळ, लाकडी फळीवर ठेवा. खिडकी, ओव्हन आणि फ्रिजची मागची बाजू टाळा. आत कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा. आठवड्यात एक अंशाच्या आत फरक राहिला तर काम जमले. पाण्याच्या बाटल्यांमुळे डब्याचे तापमान हळूहळू बदलते, आणि हळू बदल माती-कागद दोघेही बरोबर घेतात. टेकलेला कागद या बाबतीत बराच सोशिक असतो. म्हणून तापमान सांभाळणे शक्यच नसेल, तर फक्त मॅट्रिक मोजा आणि टोटलचा नाद सोडा.

उघडण्याचा दिवस

सात दिवस कोणालाही थांबता येते. उत्तर बिघडते ते जार उघडल्यावरच्या पाच सेकंदांत.

दोघे जण लागतात. खोलीचा पंखा बंद, खिडक्या बंद. मे महिन्यात हे सोपे नाही, पण पंख्याखाली ओला कागद डोळ्यादेखत हलका होतो. डबीचे गार वजन झाकणासह आधीच घेऊन लिहून ठेवलेले हवे. काट्याची काच बाजूने उघडण्याच्या तयारीत. एकाने टेप काढून झाकण उचलायचे, दुसऱ्याने त्याच क्षणी चिमट्याने कागद उचलून उघड्या डबीत टाकायचा, पहिल्याने डबीचे झाकण दाबायचे. तीन ते पाच सेकंदांत सगळे. मग डबी काट्यावर. जोडातला मधला कागद काढताना टेप कापण्यात वेळ जातो, म्हणून टेपचे एक टोक बांधतानाच दुमडून ठेवा, नखाने उचलता येईल असे. चिकटलेले तिन्ही कागद एकदम आले तर एकाने वरचा धरायचा आणि दुसऱ्याने मधला ओढायचा. मातीचा कण लागलेला दिसला तर तो कागद बाद. हिरवट ठिपका, म्हणजे बुरशी, दिसली तरी बाद.

एक जार पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. कामाची गती चार-पाच जारांनंतर मंदावते, तेव्हा थांबून चहा घेतलेला बरा.

सगळ्या डब्या ओव्हनमध्ये ११० अंशांना, झाकण अर्धे उघडे ठेवून किमान दोन तास. मग झाकणे घट्ट लावून पंधरा मिनिटे आतच. आता एकेक डबी बाहेर काढून ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर वीस-तीस सेकंद ठेवायची. ठोकळा उष्णता झटकन ओढून घेतो. गरम डबी थेट काट्यावर ठेवली तर तिच्याभोवती हवा वर चढते आणि आकडा ठरत नाही. वजन घ्या, लगेच कागद काढून टाका, आणि तीच गरम डबी रिकामी पुन्हा तोला. हे शेवटचे वजन बहुतेक जण टाळतात. टाळले तर काय होते ते खालच्या हिशेबात दिसेल.

हिशेब

उदाहरणादाखल मधल्या, कापलेल्या कागदाचे हे आकडे घ्या. गार डबी १८.२१४६ ग्रॅम, ओल्या कागदासह १८.४७४५, सुकल्यावर गरम डबीसह १८.४१२३, गरम रिकामी डबी १८.२११८.

ओला कागद ०.२५९९, कोरडा कागद ०.२००५, म्हणून पाणी ०.०५९४ ग्रॅम. भागिले कोरडा कागद, ओलावा २९.६ टक्के.

व्हॉटमन ४२ साठी मानकातला वक्र दोन रेषांचा आहे. कागदाचा ओलावा ४५.३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर

सक्शनचा लॉग = ५.३२७ − ०.०७७९ × ओलावा

आणि त्याहून जास्त असेल तर

सक्शनचा लॉग = २.४१२ − ०.०१३५ × ओलावा

लॉग दहाच्या पायाचा, ओलावा टक्क्यांत, उत्तर किलोपास्कलमध्ये. आपल्या उदाहरणात लॉग ३.०१९ येतो, सक्शन सुमारे १०४५ किलोपास्कल.

आता गरम रिकाम्या डबीचे वजन न घेता दोन्हीकडे गार वजनच वापरून पाहा. ओलावा ३१.५ टक्के होतो आणि सक्शन ७५० वर उतरते. फरक फक्त २.८ मिलिग्रॅमचा, तोही डबीचा, कागदाचा नव्हेच. दुसरीकडे, कागद हस्तांतरात दोन मिलिग्रॅम सुकला असे धरा, सक्शन १२५० च्या आसपास जाते.

दुसऱ्या रेषेत, म्हणजे ओल्या टोकाला, उतार इतका कमी आहे की थोडी चूकही सक्शनमध्ये कमी दिसते, पण तिथे कागद-माती संपर्क नीट असणे अनिवार्य. आणखी एक सावधगिरी: न टेकलेल्या कागदाचा वक्र सुमारे हजार किलोपास्कलच्या खाली टेकलेल्या कागदाच्या वक्रापासून बराच फारकत घेतो. एकच समीकरण दोन्हींना लावून टोटलमधून मॅट्रिक वजा केले, आणि उरले ते ऑस्मॉटिक म्हणून छापले, असे अहवाल मी वाचले आहेत. त्या वजाबाकीत क्षार कमी आणि चुकाच जास्त असतात. ऑस्मॉटिक हवे असेल तर मातीतले पाणी दाबून काढा आणि त्याची विद्युतवाहकता मोजा.

पडताळा

कागदाचा नवा खोका फोडला की वक्र एकदा तपासा. किलोभर डिस्टिल्ड पाण्यात २९.२२ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड घाला, म्हणजे ०.५ मोलॅल द्रावण. २५ अंशांना त्याचे सक्शन सुमारे २२८० किलोपास्कल. मातीऐवजी हे द्रावण जारमध्ये ठेवून कडीवर कागद ठेवा आणि दोन आठवड्यांनी तोला. कागदाचा ओलावा २५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. फार वेगळा आला तर आधी थर्माकोलचा डबा तपासा, कागदावर शंका नंतर. घरातले मीठ चालणार नाही, त्यात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेली पावडर असते.

एका आकड्यावरून वक्राकडे

एका नमुन्याचे सक्शन उपयोगी आहे, पण खरी मजा ओलावा-सक्शन वक्रात आहे. एकाच मातीचे सहा-सात तुकडे घ्या, सगळे आधी नीट भिजवा. मग एकेक जास्त वेळ हवेत सुकवा, पिशवीत बांधून दोन दिवस आतबाहेर ओल सारखी होऊ द्या, आणि जार बांधा. हा सुकण्याच्या वाटेवरचा वक्र. कोरड्यापासून भिजवत गेलात तर वेगळा वक्र येतो, दोन्ही खरे असतात, म्हणून कुठल्या वाटेने गेलात ते लिहिणे आवश्यक.

मुरमाला एवढे पुरते. काळ्या मातीला नाही, कारण ती सुकताना आकसते. प्रत्येक तुकड्याचे आकारमान व्हर्नियरने किंवा मेणाचा लेप देऊन पाण्यात बुडवून काढा. आकसणे धरले नाही तर वजनी ओलाव्याच्या आलेखात तुम्हाला हवा शिरण्याचा बिंदू, म्हणजे भरलेल्या फटींत पहिल्यांदा हवा घुसते ते सक्शन, दिसतो असे वाटते. तिथे बहुधा माती अजून भरलेलीच असते, फक्त लहान झालेली. मगच व्हॅन गेनुख्टेन (१९८०) किंवा फ्रेडलुंड आणि झिंग (१९९४) यांची ओलावा-सक्शन वक्राची समीकरणे बसवा. आधी बसवली तर संगणक काहीही छान बसवून देतो.

स्वेलिंग प्रेशरची चाचणी, म्हणजे आयएस २७२० या भारतीय मानकाचा ४१ वा भाग, त्याच ढेकळातून कापलेल्या नमुन्यावर करा आणि सुरुवातीचे सक्शन शेजारी लिहा. अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेला पायाचा खांब, किती खोल न्यायची यावर वाद झाला की खोलीनुसार सक्शनचा आलेख कामी येतो. एप्रिल आणि सप्टेंबर या दोन्ही महिन्यांतले वाचन ज्या खोलीवर एकत्र येते, तिथवर ऋतूचा हात पोचतो, त्याखाली सहसा नाही.

अहवालात नुसता किलोपास्कलचा आकडा देऊ नका. कागदाचा बॅच नंबर, टेकलेला की न टेकलेला, किती दिवस, डब्यातले कमाल-किमान तापमान, कुठला वक्र वापरला, आणि एका जारमधल्या दोन कागदांत किती फरक आला, हे सगळे लिहा. न टेकलेल्या दोन कागदांच्या ओलाव्यात दोन टक्क्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर सरासरी काढू नका, जार पुन्हा बांधा. उरलेल्या मातीचा एक गोळा मेण लावून, नंबर टाकून कपाटात राहू द्या. शंका विचारणारा सल्लागार बहुधा महिन्याभराने फोन करतो.